गाडीमागे धावणारा कुत्रा

दिल्लीच्या आउटर रिंग रोडवरील रहदारी रात्री अकरानंतर विरळ होऊ लागते. मेट्रोची शेवटची गाडी निघून गेली की मुनिरका गावाच्या तोंडाशी मोमोजच्या गाड्यांची आवराआवर सुरू होते आणि खानावळींतील उरलेसुरले अन्न ढलावापाशी येऊन पडते. कचरा गोळा करण्याच्या महापालिकेच्या पक्क्या कोठीला दिल्लीत ढलाव म्हणतात. दिवसभर उभ्या मोटारींच्या सावलीत झोपलेली कुत्री आता अंग झाडून उभी राहतात. अशा वेळी बेरसरायच्या अभ्यासिकेतून परतणारा एखादा विद्यार्थी, कदाचित लातूर वा सोलापूरकडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेला, मित्राची उसनी दुचाकी घेऊन गल्लीत वळतो. ढलावाच्या आडोशातून एक तांबूस कुत्रा बाणासारखा सुटतो, त्याच्यामागे आणखी दोन. विद्यार्थी घाबरून वेग वाढवतो, पाय वर घेतो, गाडी डगमगते, सावरते. गल्लीच्या तिसऱ्या वळणावर कुत्री आपोआप थांबतात आणि शेपटी उंच धरून, काहीशा ऐटीतच, माघारी फिरतात.

विद्यार्थ्याला वाटते, आपण थोडक्यात बचावलो. कुत्र्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न त्याला त्या क्षणी सुचण्याचे कारण नाही. परंतु या रोजच्या प्रसंगाचा उलगडा नेमका त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मुनिरका हे टोकस कुळातील जाटांचे जुने गाव. शहर वाढत वाढत त्याच्या चारी बाजूंनी आले, शेती गेली, घरे मात्र वर वर चढत राहिली. चार-पाच मजली इमारतींच्या भिंती एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, मधून विजेच्या तारांचे जाळे, आणि खाली जेमतेम एक दुचाकी जाईल एवढी वाट. एका बाजूस जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, रस्त्यापलीकडे रामकृष्णपुरम, जवळच दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका. ईशान्य भारतातून आलेले तरुण, विद्यार्थी, घरपोच सेवा देणारी मुले, निवृत्त सरकारी कर्मचारी असे नाना तऱ्हेचे लोक येथे एकमेकांना खेटून राहतात. कुत्रीही त्यांच्यातच राहतात. त्यामुळे मोकळ्या गावात जो प्रसंग करमणुकीचा ठरेल, तो येथे हातपाय मोडण्याचा ठरतो.

पाठलागाची साखळी

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. सावज हेरणे, त्यावर नजर खिळवणे, दबकत पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि ठार मारणे अशी शिकारीची एक साखळी त्याच्या रक्तात मुळापासून आहे. माणसाने हजारो वर्षे आपल्या सोयीची पैदास करताना या साखळीतील काही कड्या घासून पुसून काढल्या, तर काही अधिक बळकट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या कॉली जातीच्या कुत्र्यात नजर, दबकणे आणि पाठलाग एवढे ठेवून चाव्याची कडी झिजवली गेली. लातूर-सोलापूर भागातील पश्मी, ज्याला कारवानीही म्हणतात, आणि त्याचा सख्खा भाऊ मुधोळ यांच्यात मात्र पाठलागच सर्वस्व झाला. मुधोळ जातीचे चित्र असलेले टपाल तिकीट भारतीय टपाल खात्याने २००५ साली काढले, तेही देशी कुत्र्यांच्या मालिकेत. या कुत्र्यांना वासापेक्षा डोळ्यांचा आधार मोठा. दूरवर काही हलले की पाय आपोआप सुटतात. असा कुत्रा हौसेने सदनिकेत पाळून त्याने खिडकीतून जाणाऱ्या मोटारींकडे दुर्लक्ष करावे, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणावी लागेल.

धनगराच्या कुत्र्याची रीत निराळी. त्याचे काम कळपाच्या राखणीचे. लांडगा वा परका माणूस जवळ आला की भुंकत अंगावर जायचे, त्याला हद्दीबाहेर पिटाळायचे आणि लगेच कळपाकडे परतायचे. फार दूर गेला तर मागे कळप उघडा पडतो. मुनिरक्यातील ती तीन कुत्री तिसऱ्या वळणावर का थांबली, याचे उत्तर येथे मिळते. त्यांची हद्द तेथे संपते.

म्हणजे वरवर एकच दिसणारी ही कृती प्रत्यक्षात निरनिराळ्या कारणांनी घडते. जो कुत्रा न भुंकता, मान खाली घालून, चाकावर नजर रोखून धावतो, त्याच्यात शिकारीची साखळी जागी झालेली असते. जो टोळीने, मोठ्याने भुंकत धावतो आणि ठरावीक ठिकाणी थांबतो, तो राखण करीत असतो. कोवळ्या वयाचे कुत्रे निव्वळ खेळ म्हणूनही धावते. चौथे कारण भीतीचे. एखाद्या कुत्र्याला पूर्वी विशिष्ट आवाजाच्या दुचाकीचा धक्का बसला असेल, तर तो आवाज आणि ती वेदना यांची गाठ त्याच्या मनात पक्की होते, आणि पुढे तसल्या प्रत्येक गाडीवर तो तुटून पडतो. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. पट्ट्याची वा बेअरिंगची जी बारीक किंचाळी मालकाच्या कानी कधीच पडत नाही, ती त्याला लांबून कळते. अमुकच गाडीवर कुत्रे का जाते, या शेजारपाजारच्या नेहमीच्या कोड्याचे उत्तर पुष्कळदा असे साधे असते.

कुत्र्याचा हिशेब

कारण कोणतेही असो, सवय टिकते ती एकाच गोष्टीवर. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना लाकडी खोक्यात कोंडून प्रयोग केले. खोक्याचे दार ज्या हालचालीने उघडे, ती हालचाल मांजर पुढच्या खेपेस अधिक लवकर करी. ज्या कृतीतून समाधान मिळते ती प्राणी पुन्हा करतो, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. आज तो कोणालाही साधा वाटेल, परंतु प्राण्यांच्या शिकवणुकीचे सारे शास्त्र त्यावरच उभे आहे.

आता गल्लीतील प्रसंग कुत्र्याच्या बाजूने पाहावा. एक मोठी, गुरगुरणारी, परकी वस्तू हद्दीत शिरली. आपण भुंकत तिच्यावर धावून गेलो. ती पळाली. गाडी तशीही जाणारच होती, हे कुत्र्याला ठाऊक नसते. त्याच्या लेखी पराक्रम त्याचाच. पोस्टमन रोज येतो, कुत्रा रोज भुंकतो, पोस्टमन रोज जातो, आणि कुत्र्याची खात्री रोज थोडी वाढते. पोस्टमन एकदाच येतो, मुनिरक्याच्या तोंडाशी मात्र दिवसाला शेकडो गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी ‘पळून’ जाते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर कुत्र्याच्या खात्यावर दिवसभर रक्कम जमा होत राहते. जो चालक घाबरून वेग वाढवतो, तो सर्वांत मोठी रक्कम भरतो.

यात आणखी एक गोम आहे. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीमधी मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या माणसाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून कुटुंबातील चौघांनी कुत्र्याला आवरले आणि पाचव्याने कौतुकाने मोकळे सोडले, तर चौघांचे श्रम पाण्यात जातात.

शिक्षेचे उपाय फसतात तेही याच कारणाने. खेड्यात ओढाळ गुरांच्या गळ्यात लोढणे अडकवतात, तसे ते कुत्र्याच्याही गळ्यात बांधण्याची रीत काही ठिकाणी होती. लाकूड गुडघ्यांवर आपटे आणि कुत्रा धावेनासा होई. लोढणे काढले की पुन्हा धावे. गाडीत बसून कुत्र्याच्या तोंडावर पाण्याचा मारा करणे, टायरजवळ आला की काठी हाणणे, विजेचा धक्का देणारे पट्टे वापरणे हे त्याचेच निरनिराळे अवतार होत. भीतीने धावणाऱ्या कुत्र्याची भीती त्याने दुणावते आणि गाडी ही शत्रू असल्याचा त्याला पुरावाच मिळतो.

दुचाकीस्वाराने काय करावे, हे या हिशेबावरून सहज निघते. वेग वाढवू नये. पुष्कळ अंतरावरून कुत्रा दिसला तर तो कमी करावा. लाथ मारू नये, कारण एक पाय उचलल्यावर तोल गेलेलाच असतो. कुत्रा अगदी जवळ आलाच तर गाडी सरळ रेषेत ठेवून सावकाश थांबावे, पाय जमिनीवर टेकावेत, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. गाडी थांबली की पाठलागाचा विषयच संपतो. बहुतेक कुत्री गोंधळून भुंकत उभी राहतात आणि थोड्या वेळाने बाजूला होतात. मग गाडी हळूहळू पुढे न्यावी. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला सुमारे अकरा मीटर पुढे जाते. दचकलेल्या माणसाचा हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी सोळा-सतरा मीटर निघून गेलेली असते. मुनिरक्याच्या गल्लीत सोळा मीटर मोकळी वाट कोठेही नाही. कुत्र्याचे दात क्वचितच लागतात. बहुतेकांना लागतो तो विजेचा खांब, समोरची हातगाडी किंवा फरसबंदी. मागे बसलेल्या स्त्रीचे किंवा मुलाचे हाल त्याहून वाईट, कारण गाडी का वळली हे त्यांना कळलेलेच नसते.

तरीही ‘थांबा’ हा सल्ला देणे सोपे आहे आणि पाळणे कठीण. रात्री बारा वाजता जेवणाचे पाकीट पोहोचवणाऱ्या मुलाच्या फोनवर मिनिटे मोजली जात असतात. तो दर गल्लीत थांबून कुत्र्यांची समजूत काढीत बसला, तर त्याचा दिवसाचा मेळ बसणार नाही. म्हणून या प्रश्नाचा सगळा भार चालकाच्या शिरावर टाकणे न्यायाचे नाही. तो जेथून निघतो तेथे, म्हणजे कुत्र्याच्या घरी आणि गल्लीत, तो हलका करता येतो.

घरचा कुत्रा

पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला नियम कंटाळवाणा वाटेल असाच आहे. त्याला पाठलागाची संधी मिळू नये. प्रत्येक यशस्वी पाठलाग म्हणजे आणखी एक धडा. शिकवणी चालू असेपर्यंत दाराबाहेर पट्ट्याशिवाय पाऊल नाही, फाटक उघडे नाही, आणि गॅलरीतून तासन्‌तास रस्त्यावर भुंकण्याची मोकळीक नाही. गॅलरीच्या जाळीला खालून दोन-तीन फूट कापड लावले तरी फरक पडतो. जे दिसत नाही, त्यामागे मन धावत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक कुत्र्याची एक सीमा असते. तिच्या पलीकडे गाडी असेल तर तो तिच्याकडे पाहतो, पण भान राखून असतो. हाक मारली तर मान वळवतो. सीमेच्या आत गाडी आली की कान ताठ होतात, अंग लाकडासारखे होते आणि मग मालकाचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक मालक या दुसऱ्या अवस्थेत ओरडू लागतात आणि कुत्रा अडेलतट्टू आहे असा निर्णय देऊन मोकळे होतात. शिकवणी पहिल्या अवस्थेत करायची असते. मुनिरक्याच्या सदनिकांत राहणाऱ्याने आउटर रिंग रोडच्या पदपथावर सुरुवात करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला भर पावसाळ्यात नदीत लोटणे होय. त्याऐवजी वसाहतीतील बागेचा दूरचा कोपरा निवडावा, जेथून गाड्या दिसतात पण लहान दिसतात. गाडी दिसली की, कुत्र्याने काही करण्याच्या आतच, त्याला अत्यंत आवडणारा खाऊ द्यावा. रोजची पोळी येथे कामाची नाही. उकडलेल्या कोंबडीचा बारीक तुकडा किंवा पनीर असे काही हवे. गाडी दिसेनाशी झाली की खाऊही बंद. काही दिवसांनी गाडी दिसताच कुत्रा आपण होऊन मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतो. तो क्षण ओळखता आला पाहिजे. गाडी म्हणजे पाठलाग हे समीकरण मोडून गाडी म्हणजे मालक असे नवे समीकरण तेथे बसू लागलेले असते.

त्यानंतर अंतर पावलापावलाने कमी करायचे. आधी उभी गाडी, मग इंजिन चालू असलेली उभी गाडी, मग शेजाऱ्याला विनंती करून सावकाश नेलेली गाडी, आणि शेवटी रोजची रहदारी. एखाद्या दिवशी कुत्रा उसळला, तर तो हट्टी झाला असे नसून अंतर घाईने कमी केले गेले, एवढाच त्याचा अर्थ. दोन पावले मागे जावे. ही शिकवणी आठवड्यांची आहे, काही कुत्र्यांच्या बाबतीत महिन्यांची. दिवसाला पाच-दहा मिनिटे मात्र पुरतात. रविवारी एकदम दोन तास घालवून काही साधत नाही.

शिकारी वा मेंढपाळी रक्ताच्या कुत्र्याला याखेरीज काहीतरी पाठलागाला द्यावेच लागते. बंदिस्त जागेत फेकलेला चेंडू, दोरीच्या टोकाला बांधून जमिनीवरून ओढलेले चिंधीचे बोचके, दडवलेला खाऊ हुंगून काढण्याचा खेळ असे कितीतरी प्रकार आहेत. साखळीतील ती कडी तोडता येत नाही, फक्त तिचे तोंड दुसरीकडे वळवता येते. ज्याला हे रोज करणे शक्य नाही, त्याने अशी जात घरी आणण्यापूर्वी शांतपणे विचार करावा. मोठ्या शहरांत सहा-आठ महिन्यांचे झाल्यावर रस्त्यावर सोडून दिलेले जातिवंत कुत्रे दिसते, त्याचा उगम पुष्कळदा या न केलेल्या विचारात असतो.

कायद्याची बाजूही येथेच नोंदवलेली बरी. दिल्ली महापालिकेकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गल्लीतला कुत्रा

ढलावापाशी उभ्या असलेल्या तांबूस कुत्र्याला मात्र मालक नाही, पट्टा नाही आणि पनीरचा तुकडा घेऊन रोज दहा मिनिटे देणाराही कोणी नाही. तेव्हाच्या दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१६ मध्ये केलेल्या गणनेत तिच्या हद्दीत सुमारे १ लाख ८९ हजार कुत्री आढळली होती. त्यांचे काय करावे, यावर दिल्लीत जेवढा कडवा वाद झाला तेवढा क्वचितच कशावर झाला असेल. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर गदारोळ उठला, आणि २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनाशक औषध दिल्यावर कुत्री जेथून उचलली तेथेच सोडावीत, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्याव्यात, असे त्यात सांगितले गेले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश दिले गेले.

हा झगडा नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत इंग्रज सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारवून घेई आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे देई. बक्षीस नगावर असल्याने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजातील मंडळी रस्त्यावर उतरली, इतर समाजांचे लोक त्यांना येऊन मिळाले, आणि कोटातील व्यवहार ठप्प झाले. बक्षीस कशावर ठेवले आहे त्यावर कृती ठरते, हा थॉर्नडाइकचा नियम मुंबईच्या शिपायांनी त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधी सिद्ध करून दाखवला होता, असे गमतीने म्हणता येईल.

न्यायालयात काय ठरावयाचे ते ठरो, गल्लीतील पाठलाग कमी करण्याचे काम बरेचसे गल्लीतच करता येते. कुत्रा जेथे धावतो ती जागा नीट पाहिली तर तेथे त्याचे काहीतरी राखण्याजोगे असते: अन्न, पिले किंवा झोपण्याची उबदार जागा. मुनिरक्यात हे तिन्ही रस्त्याच्या कडेला, ढलावापाशी आणि उभ्या मोटारींखाली एकवटलेले आहे. मग प्रत्येक गाडी त्याच्या लेखी घरात घुसलेली चोर ठरते. अन्न तेथून हलले की राखणही हलते. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये रहिवासी संघाने कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यावी, आणि ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून व येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र रहिवासी संघ ‘खाऊ घालूच नका’ म्हणतो आणि खाऊ घालणारी मंडळी रात्री गुपचूप, जमेल तेथे, म्हणजे बहुधा रस्त्याच्या कडेलाच भांडी ठेवतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा मराठी घरात लहानपणीच कानी पडते. त्या भावनेला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु वाटी कोठे ठेवायची याचा विचार आजच्या नामदेवाला करावाच लागेल. मागच्या भिंतीलगतची, रहदारी नसलेली एक जागा, सकाळ-संध्याकाळची ठरलेली वेळ, आणि खाणे झाल्यावर भांडी उचलणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणारी कुत्री निर्बीजीकरणासाठी पकडणेही सोपे जाते.

निर्बीजीकरणाचा उपयोग येथेच आहे, मात्र तो काय करतो आणि काय करीत नाही हे स्पष्ट असावे. कानाला खाच असलेला, म्हणजे शस्त्रक्रिया झालेला कुत्रा पाठलाग विसरत नाही. शिकलेली सवय शस्त्रक्रियेने जात नाही. परंतु भाद्रपदात माद्यांमागे जमणाऱ्या टोळ्या, नरांच्या मारामाऱ्या, आणि दोन महिन्यांनी ऐन थंडीच्या तोंडावर पिले राखणाऱ्या आईचा संतापी पहारा हे सगळे त्याने कमी होते. ज्या गल्लीत कार्तिक-मार्गशीर्षात अचानक एखादी कुत्री गाड्यांवर तुटून पडू लागते, तेथे आधी जवळपास पिले आहेत का हे पाहावे. पिले चालती झाली की हा पहारा बव्हंशी आपोआप उठतो. तोवर त्या टोकाला दोन विटा आणि एक पाटी ठेवून चालकांना सावध करणे पुरते.

जुन्या जागेवरचे अन्न बंद केले की पहिले काही दिवस कुत्र्यांचे भुंकणे आणि धावणे उलट वाढते. ज्या कृतीला नेहमी फळ मिळे तिला ते मिळेनासे झाले की प्राणी आधी ती अधिक जोराने करून पाहतो. घरच्या कुत्र्याच्या शिकवणीतही असा टप्पा येतो. बहुतेक वसाहतींत नेमक्या याच आठवड्यात रहिवासी संघाची तातडीची सभा बोलावली जाते आणि प्रयोग गुंडाळला जातो.

एवढे करूनही कोणी पडले वा चावा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून रेबीजविरोधी लस सुरू करावी. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावे लागते. वाहनाचा केवळ तृतीयपक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानाची भरपाई त्यातून मिळत नाही. मालक-चालकासाठी असलेले पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मागे बसलेल्याला लागू होत नाही, हेही अनेकांना अपघातानंतरच कळते. बचत खात्याशी जोडलेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण देते. हप्ता जूनपासूनच्या वर्षासाठी खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी शिल्लक असावी. रस्त्यावरील अपघाताचा दावा करताना पोलिसांकडील नोंद लागते आणि कागदपत्रे शक्यतो तीस दिवसांच्या आत बँकेत द्यायची असतात. गल्लीत कुत्र्यामुळे पडलेला माणूस पोलिसांकडे जातच नाही, आणि पुढे कुटुंबाचा दावा तेथेच अडतो.

डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत धुके उतरते, तेव्हा मुनिरक्यातील कुत्री रात्री उशिरा आलेल्या मोटारींच्या इंजिनाची ऊब शोधीत त्यांच्या खाली जाऊन झोपतात. सदनिकांतील काही मोटारमालक सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारतात आणि क्षणभर थांबतात. खालून एक तांबूस कुत्रा बाहेर येतो, पुढचे पाय ताणून आळस देतो, आणि गाडीकडे न पाहता समोरच्या भिंतीवर पडलेल्या कोवळ्या उन्हाकडे जातो.